एच-इंडेक्स शेवटी बघा: मेंदूविज्ञान आणि बायोमेडिकल इंजिनिअरिंगमधल्या संशोधकाचं रेकॉर्ड वाचायला शिकताना

सांगली-मिरज पट्ट्यात बायोमेडिकलचे विषय घेणारी मुलं बरीच आहेत, आणि ते साहजिकच आहे. इकडे विश्रामबागेत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, तिकडे मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, १८९४ पासूनचं वॉनलेस हॉस्पिटल आणि सगळीकडे पसरलेले दवाखाने. सिग्नल प्रोसेसिंग शिकणाऱ्या मुलाला ईईजीचं, म्हणजे मेंदूतले विद्युत सिग्नल टिपणारं, मशीन बघायला फार लांब जावं लागत नाही. अपस्मार, झोपेचे विकार, लकव्यानंतर हाताची हालचाल परत आणणं असे विषय मग एम.टेक.ला घेतले जातात. त्यातल्या काहींना पुढे पीएचडी करायची असते आणि गाइडचा शोध सुरू होतो: आयआयटी मुंबई, बंगळुरूचं निम्हान्स, मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा.

इथे बहुतेक जण गूगल स्कॉलर उघडतात, उजवीकडचे सायटेशनचे (म्हणजे इतरांनी आपल्या पेपरांत केलेल्या उल्लेखांचे) आणि त्यावरून काढलेल्या एच-इंडेक्सचे आकडे बघतात आणि त्यावरून माणूस मोठा की लहान हे ठरवून मोकळे होतात. पाच वर्षं ज्याच्या हाताखाली काढायची, किंवा ज्याच्या पेपरवर आपला प्रोजेक्ट उभा करायचा, त्याची पारख एवढ्यावर करू नये असं मला मनापासून वाटतं. रेकॉर्ड नीट वाचायला एक दुपार पुरते. कसं वाचायचं ते क्रमाने सांगतो.

आधी माणूस पक्का करा

आपल्याकडे ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण आडनावं मोजकी आणि माणसं भरपूर. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीत ‘पाटील एस’ टाकून बघा. सांगलीचे, जळगावचे, बेळगावचे, हृदयरोगवाले, दातवाले, शेतीवाले सगळे एकाच यादीत येतात. पबमेडमध्ये लेखकाचं पूर्ण नाव साधारण २००२ पासूनच्या नोंदींत मिळतं, त्याआधी फक्त आडनाव आणि आद्याक्षरं. शिवाय २०१४ च्या आधीच्या बहुतेक नोंदींत पत्ता फक्त पहिल्या लेखकाचा असतो. म्हणजे जुन्या पेपरात तिसऱ्या क्रमांकावर असलेले ‘कुलकर्णी ए’ कुठले, हे नोंदीवरून कळणारच नाही, पेपर उघडावा लागतो.

मराठी नावांच्या आणखी दोन अडचणी आहेत. वडिलांचं नाव कधी लिहिलं जातं, कधी गाळलं जातं, त्यामुळे एकाच माणसाचे ‘जाधव आर’ आणि ‘जाधव आर व्ही’ असे दोन अवतार तयार होतात. दुसरी अडचण बायकांची. लग्नाआधीचे पेपर माहेरच्या आडनावावर, नंतरचे सासरच्या. डेटाबेसला हे कळत नाही, आणि बाईंचं निम्मं काम दुसऱ्याच प्रोफाइलवर पडून राहतं. एखाद्या प्राध्यापक बाईंचं रेकॉर्ड अचानक २०१० पासून सुरू होताना दिसलं, तर त्या आधी काही करत नव्हत्या असं धरून चालू नका. त्यांचा पीएचडीचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, शोधा. शिवाजी विद्यापीठाचे प्रबंधही तिथे आहेत. प्रबंधावरचं नाव हाती आलं की जुने पेपर सापडतात.

यावरचा खरा उपाय म्हणजे ऑर्किड क्रमांक, प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक. सोळा अंकांचा, चार-चारच्या चार गटांत लिहिलेला, शेवटच्या जागी क्वचित एक्स असतो. ही सेवा २०१२ मध्ये सुरू झाली. नाव बदललं, संस्था बदलली तरी क्रमांक तोच राहतो. संशोधकाचा ऑर्किड सापडला तर तिथूनच सुरुवात करा. आणि तुमचा पहिला पेपर अजून यायचा असेल तर आजच स्वतःचा काढून ठेवा, फुकट मिळतो.

कुठे बघायचं

गूगल स्कॉलर, स्कोपस आणि पबमेड ही तीन ठिकाणं पुरेत. तिन्हीकडे एकाच माणसाचे आकडे वेगवेगळे दिसतील, त्याने गोंधळू नका.

गूगल स्कॉलर सगळंच गोळा करतं: जर्नल, कॉन्फरन्स, प्रबंध, प्रीप्रिंट (तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेले पेपर), कधी कधी नुसता रिपोर्टसुद्धा. म्हणून त्याचा आकडा बहुधा सगळ्यात मोठा असतो. त्यावरचं प्रोफाइल संशोधक स्वतः सांभाळतो, त्यामुळे दुसऱ्याचे पेपर आपोआप येऊन चिकटलेले असले आणि त्याने ते काढले नसले, तर ते तसेच मोजले जातात. मेंदूवर काम करणाऱ्या माणसाच्या यादीत मधेच काँक्रीटच्या ताकदीवरचा पेपर दिसला तर समजून जा.

स्कोपस निवडक जर्नलं आणि कॉन्फरन्सच घेतं. सगळी सोय पैसे भरणाऱ्या संस्थांनाच मिळते, पण लेखकाची मूळ माहिती वर्गणीशिवायही बघता येते. आपल्या कॉलेजांत ‘स्कोपस पेपर आहे का?’ असं विचारतात ते हेच.

पबमेड अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचं आहे आणि ते जीवशास्त्र-वैद्यकाकडे झुकलेलं आहे. निव्वळ इंजिनिअरिंगचं काम तिथे दिसत नाही. मात्र आयईईई या इंजिनिअरांच्या संघटनेच्या वैद्यकीय इंजिनिअरिंग शाखेची वार्षिक परिषद, जिला सगळे ‘ईएमबीसी’ म्हणतात, तिचे पेपर पबमेडमध्ये येतात. म्हणून ‘इंजिनिअर आहे, पबमेडमध्ये नसणारच’ असं म्हणू नका.

अख्खे पेपर वाचायला मिळणं ही आपल्याकडची जुनी रड. सरकारी उच्च शिक्षणसंस्थांसाठी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आहे, तीत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नलं आहेत. तुमचं कॉलेज त्यात आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. नसेल तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल करून प्रत मागा. बहुतेक जण आनंदाने पाठवतात.

आकडे काय सांगतात

एच-इंडेक्स २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. एच-इंडेक्स पाच म्हणजे प्रत्येकी किमान पाच सायटेशन मिळालेले पाच पेपर, पण प्रत्येकी सहा मिळालेले सहा नाहीत. एकदा हाताने काढून बघा, म्हणजे त्याचा धाक जातो. समजा एका संशोधकाचे नऊ पेपर आहेत आणि त्यांना उतरत्या क्रमाने ४८, २१, १२, ९, ६, ५, ३, १ आणि ० सायटेशन आहेत. पाचव्या पेपरला ६ आहेत, म्हणजे किमान पाच पेपर असे आहेत की प्रत्येकाला पाच किंवा जास्त मिळाली. सहाव्याला ५ च आहेत, तिथे अट मोडते. म्हणून एच-इंडेक्स ५. गूगल स्कॉलरचा आय-टेन म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशन असलेले पेपर, इथे ३. एकूण बेरीज १०५.

आता याच उदाहरणात पहिल्या पेपरला ४८ ऐवजी ४,८०० सायटेशन असती तरी एच-इंडेक्स ५ च राहिला असता. आणि हा आकडा वयाबरोबर वाढतच जातो, माणूस निवृत्त झाला तरी. तीस वर्षं नोकरी झालेल्या प्राध्यापकाची आणि चार वर्षांपूर्वी लॅब उघडलेल्या तरुणाची तुलना एच-इंडेक्सवर करणं दोघांवरही अन्याय आहे. तुलना करायचीच असेल तर पहिला पेपर कोणत्या वर्षाचा ते लिहून घ्या आणि साधारण त्याच सुमाराला सुरुवात केलेल्या, त्याच उपविषयातल्या माणसाशी करा.

उपविषय हा शब्द मुद्दाम वापरला. माकडाच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवून काम करणाऱ्या लॅबला एकेका पेपरला कित्येक वर्षं लागतात. जनावर शिकवावं लागतं, शस्त्रक्रिया असते, नैतिक समितीची परवानगी असते. याउलट इंटरनेटवर उपलब्ध असलेला ईईजी डेटा घेऊन नवीन क्लासिफायर (सिग्नलची वर्गवारी करणारा प्रोग्राम) लावणाऱ्या गटाचे वर्षाला सहा-सात पेपर सहज येतात. दोन्ही कामं मेंदूचीच, पण यादीची लांबी बघून कष्ट मोजता येत नाहीत.

जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर फार वेळ घालवू नका. तो जर्नलमधल्या पेपरांच्या सायटेशनची सरासरी सांगतो, त्या माणसाच्या पेपरबद्दल काहीच सांगत नाही. संशोधकाला जर्नलच्या आकड्यावरून जोखू नये, असं २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्वच्छ म्हटलं आहे.

नावाची जागा

मेंदूविज्ञानात आणि बायोमेडिकलमध्ये बहुतेक वेळा पहिलं नाव प्रत्यक्ष काम केलेल्याचं असतं, म्हणजे पीएचडीचा विद्यार्थी किंवा पोस्टडॉक (पीएचडीनंतर लॅबमध्ये काम करणारा). शेवटचं नाव लॅबच्या प्रमुखाचं. मधली नावं मदत केलेल्यांची. म्हणून यादी घ्या आणि प्रत्येक पेपरसमोर प, म, शे असं लिहीत जा. गाइड शोधताना तुम्हाला दिसायला हवं ते असं: सुरुवातीच्या वर्षांत भरपूर ‘प’, स्वतःची लॅब झाल्यावर ‘शे’, आणि त्या पेपरांत पहिलं नाव वेगवेगळ्या विद्यार्थ्यांचं. शेवटच्या दहा वर्षांत पहिलं नावही गाइडचंच असेल आणि विद्यार्थी कायम मधे असतील, तर थांबून विचार करा. त्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगेवर काढून बघा की त्यांच्या पीएचडीतलं काम कुणाच्या नावाने छापलं गेलं.

मोठ्या गटांचे पेपर वेगळे काढा. मेंदूच्या स्कॅनचा डेटा जगभरातून एकत्र करणाऱ्या एनिग्मासारख्या प्रकल्पांत किंवा आजारांच्या जागतिक ओझ्यावरच्या अभ्यासांत शेकडो लेखक असतात. अशा एका पेपरात नाव असलं की सायटेशनचा डोंगर उभा राहतो. त्यातलं योगदान खरंच असू शकतं, पण त्या एका आकड्याने बाकीचं सगळं झाकलं जातं. तो पेपर वगळून बेरीज पुन्हा करा.

सायटेशन कशासाठी मिळालं

ही पायरी बहुतेक जण टाळतात, आणि जास्तीत जास्त वेळ हिलाच द्यायला हवा. मार्केट यार्डातल्या सौद्यात हळकुंड मोडून आतला रंग बघतात, तसं इथे सायटेशन उघडून आत काय लिहिलंय ते बघायचं.

संशोधकाचा सगळ्यात जास्त गाजलेला पेपर घ्या. गूगल स्कॉलरवर त्याखाली दिसणाऱ्या आकड्यावर टिचकी मारा, म्हणजे त्याचा उल्लेख करणाऱ्या पेपरांची यादी येते. त्यातले दहा निवडा: थोडे नवे, थोडे जुने, वेगवेगळ्या देशांतले. प्रत्येक उघडा, संदर्भयादीत आपल्या पेपरचा क्रमांक शोधा आणि तो क्रमांक मजकुरात कुठे आला आहे ते वाक्य वाचा.

काही ठिकाणी दिसेल, ‘ईईजीवर बरंच काम झालं आहे’ आणि पुढे कंसात १२ ते १९. आठ पेपर एका वाक्यात, कुणाबद्दलच काही सांगितलेलं नाही. काही ठिकाणी दिसेल की त्यांची पद्धत उचलून नव्या रुग्णांवर वापरली आहे आणि ती चालली. कुठे दिसेल की पुन्हा करून बघितलं आणि निकाल आला नाही. आकड्यात हे तिन्ही सारखेच मोजले जातात. दहापैकी तीन-चार ठिकाणी जरी दुसऱ्या लॅबने ते काम प्रत्यक्ष वापरलं असेल, तर माझ्या मते तो पेपर भक्कम आहे.

साधनांचे पेपर हा वेगळा प्रकार. ईईजीलॅब या मोफत सॉफ्टवेअरचा २००४ चा पेपर हजारो वेळा उल्लेखला गेला आहे, कारण ते वापरणारा प्रत्येक जण त्याचा संदर्भ देतो. फिजिओनेट या शरीराच्या सिग्नलांच्या खुल्या डेटाभांडाराचंही तसंच. हे योगदान मोठंच आहे, आपल्याकडच्या कितीतरी प्रोजेक्टांचा पाया तोच आहे. फक्त त्यातून मेंदूबद्दलचा नवा शोध मोजला जातो असं समजू नका. आधीच्या कामाचा आढावा घेणाऱ्या रिव्ह्यू पेपरांनाही नेहमीच जास्त सायटेशन मिळतात, तेही वेगळे काढा.

आता आपल्या मुलांच्या रोजच्या कामातलं एक उदाहरण जवळून बघू. अपस्मार ओळखण्यावरच्या असंख्य पेपरांत जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाचा २००१ चा डेटा वापरलेला असतो. त्यात ए ते ई असे पाच संच, प्रत्येकात १०० तुकडे, प्रत्येक तुकडा २३.६ सेकंदांचा. ‘ए विरुद्ध ई, अचूकता ९९ टक्क्यांहून जास्त’ असे पेपर ढिगाने सापडतील आणि त्यांना सायटेशनही चांगली असतात. पण ए संच हा निरोगी माणसांच्या डोक्यावर बाहेरून इलेक्ट्रोड लावून घेतलेला आहे, आणि ई संच रुग्णांच्या कवटीच्या आतून, फिट चालू असताना. म्हणजे क्लासिफायरला फिट ओळखायची गरजच नाही. आतून घेतलेला सिग्नल आणि बाहेरून घेतलेला सिग्नल यांतला फरक त्याने ओळखला तरी भागतं. शिवाय माणसं मोजकीच, प्रत्येक संचामागे पाच. एकाच रुग्णाचे तुकडे ट्रेनिंगमध्येही (मॉडेल शिकवताना) आणि टेस्टिंगमध्येही (ते तपासताना) गेले असतील तर ९९ टक्के येणारच. मिरजेतल्या दवाखान्यात उद्या येणाऱ्या नव्या पेशंटवर ते मॉडेल चालेल का, याचं उत्तर त्या आकड्यात नाही.

मग अशा पेपराला सायटेशन का मिळतात? त्याच डेटावर पुढचा पेपर लिहिणारा आपल्या तुलनेच्या तक्त्यात आधीचे वीस पेपर घालतो. त्याच्या पुढचा एकवीस घालतो. हे कुणी कपट म्हणून करत नाही, रिव्ह्यूअर तुलना मागतो म्हणून करतो. पण तुम्ही रेकॉर्ड वाचत असाल तर एवढं विचाराच: या माणसाने कधी स्वतः रुग्णांकडून डेटा गोळा केला का? रुग्णनिहाय विभागणी केली का, म्हणजे एका रुग्णाचा डेटा ट्रेनिंग किंवा टेस्टिंग यांपैकी एकाच बाजूला ठेवला का? कुठल्या न्यूरॉलॉजिस्टचं नाव सहलेखकांत आहे का? ही तीन उत्तरं हो असतील आणि एच-इंडेक्स सहा असेल, तर माझ्या लेखी तो गाइड तीस एच-इंडेक्सवाल्यापेक्षा चांगला.

स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशनही मोजा. स्कोपसमध्ये ती वगळून बघायची सोय आहे. थोडी असणारच, कारण माणूस आपल्या आधीच्या कामावरच पुढचं बांधतो. वगळल्यावर आकडा निम्म्यावर आला तर मात्र ते काम लॅबबाहेर फारसं पोचलेलं नाही.

मागे घेतलेले पेपर

सायटेशन भरपूर म्हणजे पेपर खरा, असं नाही. अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाच्या एका विशिष्ट रूपाला स्मृती जाण्याचं कारण ठरवणारा ‘नेचर’मधला २००६ चा पेपर त्या क्षेत्रातल्या सर्वाधिक उल्लेखलेल्या पेपरांपैकी होता. त्यातल्या चित्रांबद्दल २०२२ मध्ये जाहीर शंका घेतल्या गेल्या आणि २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. इतकी वर्षं लोक त्याचा आधार घेत होते.

म्हणून मुख्य पाच-सहा पेपरांची नावं रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या पेपरांच्या, डेटाबेसमध्ये तपासा. २०२३ पासून तो सगळ्यांना खुला आहे. पबपीअर या पेपरांवर चर्चा करण्याच्या संकेतस्थळावर वाचकांनी शंका मांडल्या आहेत का, तेही बघा. शंका आली म्हणजे दोष सिद्ध झाला असं नाही. लेखकाने उत्तर काय दिलं ते वाचा. मूळ डेटा पुढे ठेवून, चूक असेल तर दुरुस्ती छापून उत्तर देणारा संशोधक मला जास्त विश्वासाचा वाटतो.

पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचंही बघावं लागतं. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्यताप्राप्त जर्नलांची यादी, २०१९ पासून वापरात होती, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. आता जबाबदारी संस्थांवर आणि आपल्यावर आहे. जर्नलच्या संपादक मंडळातली दोन-तीन नावं घेऊन त्या माणसांच्या संस्थेच्या पानावर त्या जर्नलचा उल्लेख आहे का बघा. ‘आठ दिवसांत छापून देतो’ असा ईमेल आला तर तिकडे फिरकू नका.

जे यादीत दिसत नाही

बायोमेडिकलमध्ये पेपराइतकंच महत्त्व पेटंटला, चाचणीला आणि प्रत्यक्ष वापरात आलेल्या उपकरणाला आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रामध्ये डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली हृदयाची कृत्रिम झडप तयार झाली, डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली आणि पुढे लाखाहून अधिक लोकांना बसवली गेली. त्यामागच्या झिजेच्या चाचण्या, फसलेले नमुने, जनावरांवरचे प्रयोग यांचं मोल कुठल्याही एच-इंडेक्समध्ये मावत नाही. तेव्हा संशोधकाच्या नावावर भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घ्या, आणि रुग्णांवरच्या चाचण्यांची नोंद ठेवणाऱ्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीवरही.

शेवटी पत्र

एवढं झालं की एका पानावर टिपण करा: नाव, ऑर्किड, पहिल्या पेपरचं वर्ष, ‘शे’ असलेले पेपर, पहिलं नाव असलेले विद्यार्थी, वाचलेली दहा सायटेशन आणि त्यांतली खरोखर वापर झालेली किती. वर तारीख घाला, कारण आकडे रोज बदलतात. एच-इंडेक्स या पानावर सगळ्यात खाली लिहा.

मग पत्र लिहा. ‘तुमचं काम फार प्रेरणादायी आहे’ असं लिहिलेली पत्रं त्यांना रोज येतात. तुम्ही त्यांच्या एका पेपरातल्या एका आकृतीबद्दल प्रश्न विचारा: ‘तुमच्या २०२१ च्या पेपरात रुग्ण क्रमांक चारचा निकाल बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो, त्याचं कारण औषध होतं का?’ असा. सोबत तुमच्या एम.टेक.च्या कामाचे तीन-चार ओळींत तपशील आणि कोडची लिंक द्या. उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करा, आणि दरम्यान त्यांच्या सध्याच्या एखाद्या पीएचडी विद्यार्थ्यालाही लिहा. लॅबची मीटिंग किती वेळा होते, पेपरवर नाव कसं ठरतं, मागच्या विद्यार्थ्याला प्रबंध द्यायला किती वर्षं लागली, हे त्याच्याइतकं नीट दुसरं कुणी सांगू शकत नाही.